बाथरूम फोडून ठेवलेला कंत्राटदार: आता पुढे काय करावं?

मैत्रेयी_कोथरूड | ७ डिसेंबर २०२४, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते. पहिलाच धागा रडगाण्याचा काढतेय, सांभाळून घ्या.

कोथरूडमध्ये दुसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट आहे, इमारत १९९४ सालची. आई-बाबा आणि मी राहतो. दोन्ही बाथरूम, स्वयंपाकघराचा ओटा आणि ट्रॉल्या, नळांची सगळी पाइपलाइन आणि थोडं वायरिंग, एवढं काम काढलं होतं. तीन कोटेशनं घेतली, सगळ्यात स्वस्त होतं ते मुद्दाम टाळलं. ज्याला काम दिलं तो ओळखीतून आलेला, बोलायला अतिशय गोड. आईला काकू, मला ताई, बाबांच्या पाया पडून नारळ फोडला. मटेरियलसकट ६ लाख ४० हजार. जुलैत काम सुरू, आणि गणपती नव्या घरात बसतील असा शब्द.

गणपती मावशीकडे बसले.

पहिला आठवडा कामाचा धडाका असा की शेजारीपाजारी बघायला यायचे. दोन्ही बाथरूम एकदम फोडली, ओटाही उतरवला. मी म्हटलं, एक बाथरूम तरी राहू द्या, तर म्हणे, "ताई, एकदाच काय तो त्रास. लेबर परत परत मिळत नाही." पुढे भिंतींना टाइल्स लागायला लागल्या आणि ऑगस्टच्या मध्यापासून माणसं दिसेनाशी झाली. एक दिवस गवंडी यायचा, मग चार दिवस कोणी नाही. पाऊस, टेम्पो अडकला, मिस्त्रीच्या घरी मयत, एक ना दोन. दिवाळीत सगळे छठसाठी बिहारला गेले, ते एक कारण मात्र खरं असावं.

आजची स्थिती सांगते. मोठ्या बाथरूमचा ढाळ उलटा आहे, पाणी नहाणी ट्रॅपकडे (पाणी वाहून जायच्या जाळीकडे) जात नाही, दाराच्या उंबऱ्याशी साठतं. भिंतीवर नाणं वाजवलं की निम्म्या टाइल्स पोकळ बोलतात. गीझरच्या पॉइंटला दीडची (दीड चौरस मिलिमीटरची) वायर ओढलीय, हे समोरच्या इलेक्ट्रिशियननं दाखवलं. खालच्या काकांच्या बाथरूमच्या छताला ओल आलीय आणि ते रोज सकाळी गुड मॉर्निंगऐवजी त्या डागाचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकतात. राडारोड्याची पोती गेटशी पडून राहिली, ती सोसायटीनं उचलवली आणि आमच्या डिपॉझिटमधून पैसे कापले. आई हॉलमध्ये इंडक्शनवर स्वयंपाक करतेय.

आजवर ५ लाख १२ हजार दिलेत. ऑक्टोबरमध्ये प्लायचे काही शीट हॉलमध्ये आणून उभे केले आणि लगेच ९६ हजार मागितले. ते मी दिले नाहीत. तेव्हापासून फोन उचलत नाही. निळ्या टिका तेवढ्या पडतात.

सही-शिक्क्याचा करार नाही. व्हॉट्सॅपवर आलेली कोटेशनची पीडीएफ आहे, आणि सगळे पैसे बँकेतून गेलेत. नवा माणूस आणून काम पुरं करावं, की आधी तक्रार करावी?

---

जुना_खेळाडू | ७ डिसेंबर, रात्री १०:५१

अर्धंमुर्धं काम आणि ८० टक्के पैसे? कमाल आहे तुमची. आमच्याकडे माणूस हँडओव्हर देत नाही तोवर निम्म्याच्या वर एक रुपया जात नाही.

---

टिपकागद | ७ डिसेंबर, रात्री ११:०४

आला, चोरी झाल्यावर कुलूप कुठल्या कंपनीचं होतं विचारणारा पहिला प्रतिसाद आला. मैत्रेयी, वाचतेय. बहिणीच्या घरी हेच झालंय, फक्त तिथे किचन होतं.

---

शिरीष_न्यूजर्सी | ८ डिसेंबर, सकाळी ६:३०

आमचा ठाण्याचा फ्लॅट होता, सासरे अधूनमधून जाऊन बघायचे. दर रविवारी कंत्राटदार व्हिडिओ पाठवायचा, एकदम व्यवस्थित. बायकोच्या लक्षात आलं की सगळे व्हिडिओ दारातून डावीकडे वळतात, उजवीकडे कॅमेरा कधी जातच नाही. उजवीकडे बेडरूम होती. तिथे काही झालंच नव्हतं.

---

ओळंबा | ८ डिसेंबर, सकाळी ९:१२

मैत्रेयी, कोटेशनमधले पैशांचे टप्पे जसे लिहिलेत तसे इथे टाकाल का? शब्द न बदलता.

(मी नाशिकला याच धंद्यात आहे, म्हणून विचारतोय. काम मागत नाही.)

---

मैत्रेयी_कोथरूड | ८ डिसेंबर, सकाळी ९:४०

बुकिंगला २० टक्के. तोडफोड सुरू होताना ३०. टाइल्सचं काम सुरू होताना ३०. फर्निचरचं मटेरियल साइटवर आल्यावर १५. हँडओव्हरला ५.

जुना_खेळाडू, प्रत्येक हप्ता यानुसारच गेलाय. एकही आगाऊ दिलेला नाही. कोटेशन चार लोकांना दाखवलं होतं, त्यात एक सिव्हिल इंजिनिअर होते. कोणालाही खटकलं नाही.

---

ओळंबा | ८ डिसेंबर, सकाळी १०:३५

तेच बघायचं होतं. टक्केवारीपेक्षा त्यातला "सुरू होताना" हा शब्द बघा. काम संपल्यावर मिळणारा असा एकच हप्ता आहे, शेवटचा ५ टक्क्यांचा, म्हणजे ३२ हजार. बाकी सगळे पैसे काहीतरी सुरू केलं की मिळतात. मग माणूस काय करेल? सुरू करेल. पहिल्या आठवड्यातला धडाका त्याचाच. दोन्ही बाथरूम एकदम फोडण्यात लेबरची सोय थोडी आणि हप्त्याची जास्त. शिवाय संडास फुटलेलं गिऱ्हाईक दुसरीकडे जात नाही.

प्लायचे शीटही त्यातलेच. "मटेरियल साइटवर आल्यावर" म्हणजे किती मटेरियल हे लिहिलेलं नाही ना? चार शीट उभे केले की १५ टक्के मागायला मोकळा.

पैसे खाऊन तो गोव्याला गेला असेल असं समजू नका. या माणसाच्या एकाच वेळी पाच-सहा साइट चालू असतात आणि खेळतं भांडवल शून्य. तुमच्या तोडफोडीच्या हप्त्यातून मागच्या साइटच्या टाइल्सचं दुकानाचं बिल भागतं, तुमच्या टाइल्स पुढच्या गिऱ्हाइकाच्या बुकिंगमधून यायच्या असतात. याची टोपी त्याला. दर शनिवारी लेबरचे पैसे चुकवावेच लागतात, नाहीतर सोमवारी माणूस दुसऱ्याकडे उभा. तेव्हा लेबर जातं कुठे? ज्या साइटवर पुढचा हप्ता निघायचाय तिथे. तुमच्याकडे टाइल्स सुरू झाल्या, हप्ता निघाला, त्या दिवसापासून तुमची साइट त्याच्यासाठी नुसता खर्च आहे. नवीन बुकिंग आलं नाही की साखळी तुटते, आणि ज्याचं काम त्या वेळी मधे असेल तो अडकतो.

माझ्याकडचे टप्पे असे असतात: सुरुवातीला १० टक्के, मग प्लंबिंग प्रेशर टेस्ट होऊन पास झाल्यावर, वॉटरप्रूफिंग पाणी भरून तपासल्यावर, टाइल्स वाजवून बघितल्यावर, शेवटी १० टक्के हँडओव्हरनंतर महिन्याभरानं. प्रत्येक हप्त्याच्या अलीकडे काहीतरी तपासणी आहे. माझी रोकड यात नेहमी ओढाताणीत असते, हेही सांगतो.

---

संतोष_इंटिरियर | ८ डिसेंबर, दुपारी १:२०

ओळंबासाहेब, धंद्यातली गोष्ट चव्हाट्यावर मांडलीत, आता दुसरी बाजूही मांडा. शेवटचे १० टक्के किती गिऱ्हाइकं देतात? मला विचाराल तर निम्मी देत नाहीत. हँडओव्हरला कुठेतरी एक ओरखडा काढतात आणि पैसे दाबून बसतात. टाइल्स लागल्यावर "पॅटर्न आवडला नाही, काढा" म्हणतात, वर ते एक्स्ट्रा धरत नाहीत. म्हणून पैसे पुढे घ्यावे लागतात. सगळे कंत्राटदार चोर नसतात.

---

ओळंबा | ८ डिसेंबर, दुपारी २:०५

खरं आहे. मीही दोन ठिकाणी बुडालोय. पण त्यावर उपाय म्हणजे एक्स्ट्रा कामाचा दर आधी मेसेजवर लिहून घेणं. गीझरला दीडची वायर ओढणं हा त्यावरचा उपाय नव्हे. दिव्या-पंख्यांना दीड ठीक, १६ अँपिअरच्या सॉकेटला किमान अडीच, एसीला चार. वायरच्या बंडलमध्ये वाचवून किती वाचणार?

---

संतोष_इंटिरियर | ८ डिसेंबर, दुपारी २:११

वायरबद्दल बोललो नाही मी. वायर चूकच आहे.

---

नीलाक्षी | ८ डिसेंबर, दुपारी ४:४५

पोकळ टाइल्सचं काय? आमच्या हॉलमध्येही काही वाजतात, पाच वर्षं झाली, निघाल्या नाहीत. सगळं उखडायलाच हवं का?

---

ओळंबा | ८ डिसेंबर, सायंकाळी ६:२०

जमिनीवर कोपरा थोडा वाजतो म्हणून लगेच उखडू नका. बाथरूमच्या भिंतीचं वेगळं आहे. मैत्रेयीताई, टाइल्स व्हिट्रिफाइड असतील तर त्या पाणी जवळजवळ पीत नाहीत, अर्ध्या टक्क्याच्या आत. जुन्या सिरॅमिक टाइल्स पाणी प्यायच्या म्हणून सिमेंटच्या रबडीवर चिकटायच्या. व्हिट्रिफाइडला पॉलिमरवालं टाइल अॅडहेसिव्ह लागतं (आयएस १५४७७ हे भारतीय मानक बघून घ्या, त्यात प्रकार दिलेत), आणि ते दातेरी थापीनं पूर्ण पाठीवर पसरावं लागतं. बऱ्याच साइटवर काय करतात, चार कोपऱ्यांना चार आणि मधे एक असे मसाल्याचे गोळे लावून टाइल दाबतात. लेव्हल पटकन मिळते, मसाला वाचतो. गोळ्यांच्या मधल्या पोकळीत पाणी शिरलं की ते खाली उतरत राहतं.

खालच्या काकांच्या ओलीचा संशय मात्र मला टाइल्सवर कमी आणि नहाणी ट्रॅपच्या सांध्यावर जास्त आहे. ९० च्या दशकातल्या इमारतीत बाथरूमचा स्लॅब खाली उतरवलेला असतो, वर विटांच्या तुकड्यांचा कोबा. ब्रेकर लावून जुनी फरशी फोडली की त्या कोब्याला आणि त्यातल्या वॉटरप्रूफिंगला तडे जातात. नवं वॉटरप्रूफिंग केलं का, आणि केल्यावर पाणी भरून ठेवलं का? ट्रॅपला बोळा मारून निदान २४ तास, जमलं तर ४८, पाणी साठवायचं आणि खालच्या घरी जाऊन छत बघायचं. फरशी त्याच्यानंतर.

---

मैत्रेयी_कोथरूड | ८ डिसेंबर, सायंकाळी ७:०२

काळं काहीतरी रंगवलं होतं एका संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यावर फरशी सुरू. पाणी भरल्याचं आठवत नाही आणि फोटोतही नाही.

---

सुतारपक्षी | ८ डिसेंबर, रात्री ९:३०

त्या प्लायच्या शीटवर काय छापलंय ते बघा.

---

मैत्रेयी_कोथरूड | ८ डिसेंबर, रात्री ९:४८

लाल अक्षरात मोठं ७१०, आणि वर एका कंपनीचं नाव. आयएसआयची खूण दिसत नाही.

---

सुतारपक्षी | ८ डिसेंबर, रात्री १०:१५

मग तो नुसता आकडा आहे. आयएस ७१० म्हणजे मरीन प्लाय, ३०३ म्हणजे साधा आणि बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यात टिकणारा). अस्सल शीटवर आयएसआयची खूण आणि तिच्याखाली सीएम/एलनं सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो भारतीय मानक ब्यूरोच्या बीआयएस केअर अॅपमध्ये टाकला की कंपनीचं नाव आणि परवाना चालू आहे का ते कळतं. खूणच नसेल तर ७१० काय, ७८६ पण छापता येतं. सिंकखाली असला प्लाय दोन पावसाळ्यांत फुगतो.

---

जुना_खेळाडू | ८ डिसेंबर, रात्री १०:२२

ट्रॉल्यांचं स्टील पण बघा. लोहचुंबक लावायचं, चिकटलं तर डुप्लिकेट, नाही चिकटलं तर अस्सल ३०४ ग्रेडचं.

---

सुतारपक्षी | ८ डिसेंबर, रात्री १०:४०

नाही हो, ही चाचणी चुकीची आहे. स्वस्तातलं २०२ पण चुंबकाला फारसं चिकटत नाही, ३०४ सारखंच. दोघांत फरक करायला रसायनाचे थेंब मिळतात, लहान बाटली असते. २०२ वर रंग बदलतो. दुकानदारासमोर थेंब टाका, चेहरा बघण्यासारखा होतो.

---

वादी_प्रतिवादी | ९ डिसेंबर, सकाळी ११:१०

वकिली करते, पुण्यातच. मोफत सल्ला आहे, तसाच घ्या.

१. करार नाही म्हणून हातपाय गाळू नका. तोंडी व्यवहारही करारच असतो, तुमच्याकडे तर कोटेशन, बँकेच्या नोंदी आणि पाच महिन्यांचे मेसेज आहेत. चॅट पूर्ण एक्स्पोर्ट करा, फोन बदलू नका. इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायचं प्रमाणपत्र आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली द्यावं लागतं, जुन्या पुरावा कायद्याचं ६५-ब गेलं. वकील करून देतील.

२. काहीही फोडण्याआधी स्वतंत्र सिव्हिल इंजिनिअरकडून पाहणी अहवाल घ्या, फोटो आणि मोजमापांसकट. पाहणीची तारीख कंत्राटदाराला लेखी कळवा, ये म्हणावं. तो येणार नाही, पण बोलावलं होतं हे कागदावर हवं. लोक इथेच घसरतात. वैतागून नव्या गवंड्याला बोलावतात, सगळं उखडतात आणि मग ग्राहक आयोगापुढे दाखवायला दोष शिल्लक नसतो.

३. नोटीस पाठवा: पंधरा दिवसांत दोष दुरुस्त करून काम पुरं कर, नाहीतर अमुक रक्कम परत दे. प्लाय त्याचा आहे, तो घेऊन जा हेही लिहा.

४. मग जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. ऑनलाइन, सरकारच्या ई-दाखिल पोर्टलवर करता येईल. फी मोजताना तुम्ही दिलेली रक्कम धरतात, नुकसानभरपाईची मागणी धरत नाहीत. ५ लाखांपर्यंत फी नाही, तुमचे ५ लाख १२ हजार म्हणजे २०० रुपये.

कायद्यात निकाल तीन महिन्यांत लावावा असं आहे. तसा लागेल या भरवशावर राहू नका. पण नोटीस आणि तक्रार क्रमांक गेला की बरेच कंत्राटदार तडजोडीला येतात.

१९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही नोंदवा. नोंदणीकृत कंपन्यांच्या बाबतीत तिचा उपयोग जास्त होतो, एकट्या कंत्राटदाराकडून फार अपेक्षा ठेवू नका.

---

टिपकागद | ९ डिसेंबर, सकाळी ११:३२

वादी_प्रतिवादी, आणि पोलीस? बहिणीला चौकीत सांगितलं, "मॅडम, हे सिव्हिल मॅटर आहे."

---

वादी_प्रतिवादी | ९ डिसेंबर, दुपारी १२:०१

बहुतेक वेळा तसंच सांगतात, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. सुरुवातीपासूनच फसवायचा हेतू होता हे दाखवावं लागतं. ज्यानं निम्मं काम केलंय त्याच्याबाबतीत ते अवघड.

---

अभिजित_डोंबिवली | ९ डिसेंबर, दुपारी ३:१५

खालच्या काकांचं दुरुस्तीचं बिल सोसायटीवर ढकलता येणार नाही हेही बघून ठेवा. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीची आणि बाहेरच्या भिंतींची गळती सोसायटीकडे, फ्लॅटच्या आतल्या संडास-बाथरूमची सभासदाकडे. सेक्रेटरी होतो सहा वर्षं, सगळ्यात जास्त भांडणं याच एका वाक्यावर झाली.

---

मैत्रेयी_कोथरूड | २३ फेब्रुवारी २०२५, सायंकाळी ५:४०

बऱ्याच जणांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करून विचारलं, म्हणून एकत्रच लिहिते.

अहवाल घेतला, नोटीस पाठवली. पाहणीला तो आला नाही. नोटीस मिळाल्यावर मात्र ज्यांच्या ओळखीतून आला होता त्यांना घेऊन घरी आला, चहा घेतला, आईला म्हणाला, "काकू, तुम्ही कोर्टात जाल असं वाटलं नव्हतं." भरपाई म्हणून ८० हजारांचा जानेवारीतल्या तारखेचा चेक दिला. चेक परत आला, खात्यात पैसे नव्हते. इथल्या वकीलताईंनी व्यनित सांगितलं त्याप्रमाणे बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत त्याची वेगळी नोटीस गेलीय. ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे नाही आले तर पुढच्या महिन्याभरात कलम १३८ खाली तक्रार करावी लागेल. ग्राहक आयोगाची तक्रारही दाखल झाली. ई-दाखिलच्या जागी १ जानेवारीपासून ई-जागृती पोर्टल आलंय, त्यावर केली. बाबांनी २०० रुपयांची पावती प्रिंट काढून फाइलला लावली.

मोठं बाथरूम नव्या मिस्त्रीनं उघडलं. ओळंबा, तुम्ही तिथून लिहिलं तसंच निघालं. ट्रॅपच्या भोवती कोब्याला बोटभर भेग आणि ट्रॅप नुसता सिमेंटनं थापलेला. भिंतीच्या टाइल्सच्या पाठीला पाच-पाच गोळे. पाइपलाइन मात्र बरी निघाली, पंपानं प्रेशर लावून बघितलं, थेंबही गळला नाही. त्या प्लंबरचं काम चांगलं होतं, हे लिहायला हवं.

या वेळी एकच बाथरूम घेतलं. वॉटरप्रूफिंगनंतर दोन दिवस पाणी भरून ठेवलं आणि दोन्ही संध्याकाळी खालच्या काकांनाच त्यांचं छत तपासायला लावलं. त्यांनी टॉर्च घेऊन खुर्चीवर चढून बघितलं, मगच फरशी लागली. हप्त्यांचे शब्द ओळंबांचे जसेच्या तसे उचललेत. नवा मिस्त्री सुरुवातीला कुरकुरला, म्हणाला १० टक्क्यांत सिमेंटसुद्धा येत नाही. मग मटेरियल मीच दुकानातून थेट घेतलं, त्याच्याशी फक्त मजुरीचं ठरलं. यात धावपळ माझी वाढली, पण माल कुठला आला ते मला दिसतं.

---

संतोष_इंटिरियर | २३ फेब्रुवारी, सायंकाळी ६:२५

मटेरियल गिऱ्हाइकानं आणलं की आमच्या मार्जिनवर पाणी, पण तुमच्या परिस्थितीत हेच बरोबर. मजुरीचा दर लिहून घ्या, स्क्वेअर फुटावर. रोजावर देऊ नका.

---

कडूकारलं | २३ फेब्रुवारी, रात्री ८:५०

त्या कंत्राटदाराचं नाव टाका ना इथे. बाकीचे तरी वाचतील.

---

मैत्रेयी_कोथरूड | २३ फेब्रुवारी, रात्री ९:१०

प्रकरण आयोगापुढे आहे, म्हणून नाव देणार नाही. व्यनितही नाही, कृपया विचारू नका.

---

सुतारपक्षी | २३ फेब्रुवारी, रात्री ९:३५

आणि ते ७१० वाले शीट?

---

मैत्रेयी_कोथरूड | २३ फेब्रुवारी, रात्री ९:५२

हॉलमध्येच आहेत. नोटिशीत घेऊन जा म्हटलंय, आला नाही. वकील म्हणतात फोटो काढून ठेवा, विकू नका, वापरू नका. ट्रॉल्यांसाठी दुसरा प्लाय मागवलाय, मंगळवारी येईल. सीएम/एल क्रमांक दुकानदाराकडून आधीच घेऊन अॅपवर बघितला, परवाना चालू आहे.